पाय उचलायचा नाही

ब्रेक पंप करायचा, हे मी टेम्पोवर शिकलो. शाळा चौथीत सुटली, पण हे पायात पक्कं बसलं. एकदम दाबला तर चाक जाम होतं आणि गाडी घसरत जाते. म्हणून दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. सगळी दिल्ली मी अशीच चालवली.

बायको गेली त्या पावसाळ्यात सुनेची नवी गाडी चालवत होतो. दिल्लीतल्याच द्वारका भागात सिग्नलला जोरात ब्रेक मारला. पायाखाली पेडल थरथरलं, खालून खरखर आवाज आला. काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलला. पुढच्या ई-रिक्षाचा पत्रा चेपला. लागलं कुणाला नाही, पण सुनेने किल्ली काढून घेतली.

मला ती किल्ली हवी होती. रविवारी मी पहाडगंजला जायचो. लग्नानंतर आमची खोली होती त्या गल्लीत. आता तिथे हॉटेल आहे, बघण्यासारखं काही नाही. मेट्रोने जा, असं सगळे सांगतात. मेट्रोत शेजारी कोणीतरी येऊन बसतं. गाडीत ती जागा रिकामी राहते आणि मला बायकोशी बोलता येतं. सुनेला मी हे तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "आधी ब्रेक शिका."

थंडीतल्या एका सकाळी तिने मला सोसायटीमागच्या नव्या रस्त्यावर नेलं. वाहतूक अजून सुरू झाली नव्हती. डांबर दवाने ओलं होतं, धुकं झाडांना लटकलेलं.

"बाबा, ही गाडी स्वतःच पंप करते. तुमच्यापेक्षा फास्ट. तुम्ही फक्त दाबून धरा."

"मग मी कशाला बसलोय?"

"स्टिअरिंगला. चाक जाम होत नाही, म्हणून ब्रेक दाबूनही वळवता येतं."

मी दाबला. पेडल थरथरलं. पाय वर.

"उचललात."

"तो आपोआप उचलला जातो."

"मग त्याला समजवा ना, यार." सासऱ्याला यार म्हणते. दिल्लीची पोर.

परत फिरताना धुकं दाटलं. मी वेग कमी केला. सून बोलायची थांबली होती, काचेवर तिचा श्वास साचत होता. शेजारी कोण बसलंय हे मला काही वेळ नीट कळेना, आणि कळायची घाईही नव्हती. तेवढ्यात समोर राखाडी काहीतरी उभं राहिलं. नीलगाय.

मी दाबला. पेडल थरथरायला लागलं. शेवटच्या तापात बायकोचा हात असाच थरथरायचा. तो मी सोडला नव्हता. पाय तसाच दाबून धरला आणि स्टिअरिंग डावीकडे घेतलं. गाडी ऐकत गेली आणि थांबली. नीलगायीने काचेतून आत पाहिलं, मग सावकाश धुक्यात शिरली.

"आता सोडा, बाबा. थांबलीये गाडी."

पाय निघत नव्हता. ती तशीच बसून राहिली, घाई केली नाही.

नंतर मी गाडी कडेला घेतली, दिवे चालू ठेवले. "किल्ली देणार का नाही, सरळ सांग."

"देईन. पण धुक्यात नाही. आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं. हा ब्रेक आहे म्हणून उडायचं नाही."

"टेम्पो चालवलाय मी, विमान नाही."

ती डोळे पुसत हसली. मी म्हटलं, रविवारी ऊन पडलं तरच जाईन.