रुमालातलं धान
पाणी भरायचा पितळेचा गुंड चिंचेने घासला की तो आंबूस वास हाताला राहतो आणि ती दुपार आठवते. गोसीखुर्द धरणात बुडालेलं आमचं गाव बाबांना बोटीतून पाहायचं होतं. तिथल्या पाण्यात सोडायला त्यांनी मूठभर धान रुमालात बांधून आणलं होतं. वाटेत भंडाऱ्यात तासभर मिळाला, तर मी भांड्यांच्या दुकानात शिरलो. "चाल ना बाबू, भांडे काय पळून जाऊन राहिले का?" बाबा म्हणाले. मी मात्र वाजवून वाजवून गुंड निवडत बसलो आणि धरणावर पोचेपर्यंत शेवटची बोट चुकली. "वाऱ्यानं बोट बंद हाय," मी सांगून टाकलं. संथ पाण्याकडे पाहत ते म्हणाले, "असू दे, मंग येऊ." पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, येणं झालंच नाही. गुंड घासून झाला की तेच धान मी त्यात परत ठेवतो. त्या दिवशी वारा नव्हता, बाबा.