पायाखालचं मीठ

"आधी निघू तर, मग बघू," असं म्हणून ताई पायातले बूट जमिनीवर दोनदा आपटायच्या. बाहेर ऊन असो की पाऊस, हे आपटणं ठरलेलं. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. खालून ठक ठक ऐकू आलं की समजायचं, बाई निघाल्या.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, काय करायचं ते ठरायच्या आत चपला घालून मोकळी होणारी. मला ते जन्मात जमलेलं नाही. त्यात ते कोरोनाचं दुसरं वर्ष. नेदरलँड्समधल्या वाखनिंगनला मी पीएचडी करत होते आणि ताई आमच्याच विभागात संशोधक होत्या. कामावर यायचं की नाही याची दर आठवड्याला नवी ईमेल यायची. ती वाचली की आधीच्या ईमेलमधलं जे थोडंफार कळलेलं असे, तेही कळेनासं व्हायचं.

"ताई, म्हणजे आपण जायचंय की नाही जायचंय?" मी जिन्यातून विचारायचे. उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच.

ताईंचं काम टोमॅटोवर. खाऱ्या जमिनीत कोणती जात तग धरते ते बघायचं, म्हणून काचघरातल्या रोपांना त्या रोज स्वतःच्या हाताने मिठाचं पाणी घालायच्या. आणि गंमत बघा, हीच बाई मिठावर पाय देत नसे. सांडलेलं मीठ तुडवलं तर मेल्यावर ते पापण्यांनी वेचावं लागतं, असं मिरजेला त्यांच्या आईने लहानपणी सांगून ठेवलं होतं.

"तुमचा खरंच विश्वास आहे यावर?"

"छे गं, विश्वास कसला!" म्हणायच्या, आणि प्रयोगशाळेत चिमूटभर मीठ सांडलेलं दिसलं की त्याला वळसा घालून जायच्या. या बाईंना काय समजायचं तेच मला समजत नसे.

फेब्रुवारीत एका रात्रीत सगळं गाव बर्फाखाली गेलं. सकाळी बस बंद, गाड्या बंद, सायकली नुसत्या टेकड्या होऊन उभ्या. ताईंचं कंत्राट वसंतात संपत होतं. हा प्रयोग नीट पार पडला तरच मुदतवाढ, नाहीतर गाशा गुंडाळून परत. आणि प्रयोगाचा तो शेवटचा आठवडा होता. एक दिवस जरी पाणी चुकलं, तरी बी पेरण्यापासून पुन्हा सुरुवात, आणि तेवढा वेळ कुणाकडेच नव्हता. मजूर बायांसारखी डोक्याला शाल गुंडाळून ताई दारात आल्या. ठक ठक.

"आधी निघू तर."

आम्ही दोघी निघालो, मध्ये दीड मीटर अंतर ठेवून. आमचं घर उंचावर. इथले लोक त्याला डोंगर म्हणतात, आपण फार तर चढ म्हणू. पण त्या दिवशी तो उतरताना मलाही डोंगरच वाटला. खेमेन्तेची, म्हणजे नगरपालिकेची, गाडी बर्फ वितळावा म्हणून नुकतीच मीठ टाकून गेली होती. सायकलच्या वाटेवर खडे मीठ पसरलेलं, आणि तेवढाच काय तो पट्टा चालण्याजोगा. ताई थबकल्या. मग सरळ बाजूच्या बर्फात उतरल्या.

"ताई, अहो, इकडून या! हे मीठ आपल्यासाठीच टाकलंय!"

"दिसतंय मला."

"आणि झाडांना रोज पाजता ते?"

"ते मुळाशी. पायाखाली नाही," असं म्हणाल्या आणि पडल्या.

उजव्या हातावर पडल्या. मी धावले, तर त्यांनी खालूनच डावा हात वर केला. "थांब! दीड मीटर!" पडलेल्या माणसाला उचलायचं की नाही, हे कुठल्याच ईमेलमध्ये नव्हतं. मी हात पुढे करून तशीच उभी राहिले. शेवटी मी माझ्या मफलरचं एक टोक त्यांच्याकडे फेकलं आणि ओढून त्यांना उभं केलं. कुत्रा फिरवणारे एक आजोबा हे सगळं बघत होते. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

काचघरापर्यंत पोचेतो मनगट सुजलं होतं. झारी उचलणं शक्यच नव्हतं. माझंही काम तिथेच, त्यामुळे मला आत जायची परवानगी होती, पण एका वेळी एकच माणूस.

"या ना आत, इथे चिटपाखरू नाहीये," मी म्हटलं.

"नियम आहे," ताई म्हणाल्या. ऐका! निम्मा डोंगर मिठाला वळसा घालून उतरलेली बाई मला नियम सांगत होती.

मग मी आत, ताई काचेबाहेर बर्फात, आणि मध्ये फोन. आत टोमॅटोंचा उन्हाळा. मास्कमुळे चष्म्यावर वाफ. निळी बादली साध्या पाण्याची की मिठाच्या, हे त्यांनी सांगितलं आणि मी लगेच विसरले. मी झारी उचलली की त्या डाव्या हाताने काच बडवायच्या. "ती नव्हे! अगं, ती नव्हे!" बर्फ त्यांच्या शालीवर साठत होता. शेवटची ओळ झाली तेव्हा मी वळून पाहिलं. काचेला कपाळ टेकून ताई रडत होत्या. मनगटामुळे की टोमॅटोंमुळे, मला कळलं नाही. मलाही रडू आलं, ते कशामुळे, तेही कळलं नाही.

हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. मनगट सावकाश बरं झालं. प्रयोग उत्तम झाला. मुदतवाढही मिळाली.

आणि त्याच सुमारास मिरजेला ताईंच्या आईंना कोरोना झाला. त्या वाचल्या, पण अंथरुणातून उठेनात. घरात दुसरं कुणी नव्हतं. ताईंनी मुदतवाढ नाकारली आणि सामान बांधायला घेतलं. मी चिडलेच. "मग त्या दिवशी एवढा आटापिटा कशासाठी केला आपण?"

ताई बॅगेची चेन लावत होत्या. "जायचं ते आईसाठी जातेय गं. बर्फामुळे जावं लागलं असतं तर वाईट वाटलं असतं."

मी यावर पुष्कळ विचार केला. कधी पटतं, कधी नाही.

त्यांनी सायकल मला दिली. विमानं सुरू झाल्यावर एका सकाळी खालून ठक ठक ऐकू आलं, आणि मी विचार करत बसले नाही, तशीच अनवाणी जिना उतरून गेले.

पुढच्या हिवाळ्यात एकदाच रस्ते गोठले. मी कामाला निघाले, उतारावर आले, तर वाटेवर मीठ पसरलेलं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी पाऊल पुढे पडेना. मी बाजूच्या बर्फात उतरले, मिठाचा फोटो काढला आणि ताईंना पाठवला. लिहिलं, "बघा, वळसा घालतेय."

मिरजेहून लगेच उत्तर आलं.

"वेडी आहेस का? पडशील! मिठावरून चाल मुकाट्याने. तुझ्या वाट्याचं मी वेचीन."

मी तिथेच उभी. एक पाय बर्फात आणि एक मिठाच्या वर, अधांतरी. खाली काचघराचे दिवे दिसत होते, आणि ते पाऊल मला ना टाकता येत होतं, ना मागे घेता येत होतं.