गाभोळीचे डोहाळे

काल इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीला, मुलीने गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, तळली आणि त्या वासासरशी मला चौऱ्याऐंशीचा जून आठवला. तेव्हा ती पोटात होती, आणि माझ्या बायकोला, सुधाला, गाभोळीचेच डोहाळे लागले होते.

म्हणून आम्ही दोघं इथल्याच एका अफाट तलावाच्या काठी गेलो. उथळ पाण्यात, दगडगोट्यांतल्या घरट्यावर स्मॉलमाउथ बास जातीचा एक मासा घिरट्या घालत होता. घरट्यावर आहे म्हणजे मादीच, अंडी घालायला आलेली, असं मी मालवणी अक्कल लढवून ठरवलं. गळ टाकताच मासा त्याच्यावर तुटून पडला. ओढून काढला तर हातात मावेना. मी दगडाने त्याचं डोकं तीनदा ठेचलं आणि तिथेच पोट फाडलं. आत खडकातल्या खेकड्यांच्या नांग्या होत्या. गाभोळी नव्हती.

"अरे, पाण्यात बघ!" सुधा किंचाळली. घरट्यात काळ्या ठिपक्यांएवढी पिल्लं होती, आणि दुसरे मासे त्यांचा फडशा पाडत होते.

काठाजवळच्या एका बोटीतला म्हातारा म्हणाला, "द फादर गार्ड्स देम."

सुधाने पोटावर दोन्ही हात घट्ट धरले.

"बाबा, व्हाय आर यू नॉट ईटिंग?" काल ताटावर मुलीने विचारलं.

मी मान खाली घालून खाल्लं.