एका बटणातली खुशाली

जुन्या फोनची सिस्टिम बदलून मी त्याला छोटा कीबोर्ड जोडला आणि एकेका बटणाला काम नेमून दिलं. मराठी टाइप करताना मी अडखळते, म्हणून एका बटणावर आईच्या रोजच्या मेसेजसाठी आख्खं उत्तरच बसवलं: 'जेवले, बरी आहे, काळजी करू नकोस.' काल संकष्टीचा उपास होता, तरी दुपारी सवयीने तेच गेलं. लगेच आईचा फोन आला.

"तुमच्याकडे चंद्र दुपारीच उगवतो का गं?"

मी हसले. ती हसली नाही.

"रोज असंच न वाचता पाठवतेस?"

ते बटण मी मोकळं केलंय. आज तिचा 'कशी आहेस?' समोर आहे, आणि मी खरंच बरी आहे का, हे मला पहिल्यांदाच ठरवावं लागतंय.