आवरलेलं पान
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला कर्वेनगरातल्या झेरॉक्सच्या दुकानावरचा तो वेब डिझाइनचा क्लास आठवतो. मी शाळेत चित्रकला शिकवते, आणि शाळेची वेबसाइट मीच करीन असं मुख्याध्यापिकाबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर उघडलं तर पांढऱ्या पानाभोवती चौकटीच चौकटी, त्यांत बारीक चित्रं आणि आकडे. बघायचं कुठे तेच कळेना. ‘आधी बाक आवरा, मग चित्र काढा,’ हे मी मुलांना वर्षानुवर्षं बजावत आलेय. त्याच सवयीनं मी एकेक चौकट फुली दाबून बंद केली आणि पान मोकळं झाल्यावर कुठे जरा बरं वाटलं. तेवढ्यात सर म्हणाले, ‘आता एक चौकोन काढा.’ काढू कशानं? रंग, पेन्सिल सगळं त्या बंद केलेल्या चौकटींतच होतं; समोर नुसतं पांढरं पान. माझ्या मुलाच्या वयाचे ते सर मागे येऊन थांबले. ‘अहो मॅडम, गिऱ्हाईक यायच्या आधीच दुकान आवरलंत?’ वर्ग हसला. त्यांनी सगळ्या चौकटी परत आणल्या, आणि माझा गोंधळही. परवा शाळेत, माझ्या वर्गात एका मुलीचा बाक ब्रशांनी, चिंध्यांनी, वाट्यांनी भरलेला दिसला. ‘आवर आधी,’ अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, ‘यातलं काय कशाला लागतं गं?’