पंगतीचं कुलूप

श्रीधर पांढरीपांडे यांना कंप्यूटरच्या चार भाषा येतात, पण 'पैसे द्या' एवढं त्यांना मराठीतसुद्धा म्हणता येत नाही. कोराडीला एका ठेकेदाराकडे पगारपत्रकं करता करता ते प्रोग्रॅम लिहायला शिकले. ती नोकरी सुटल्यावर मनीषनगरच्या फ्लॅटमधली बाल्कनी काचा लावून बंद केली, तिथे बसले आणि 'पंगत' लिहिला. जेवणारे किती आणि बेत काय एवढं सांगितलं, की डाळ किती, वांगी किती, तेल किती, सगळं तो सांगतो. लहान केटररनी तो आपल्या घरच्या कंप्यूटरवर फुकट उतरवून घ्यायचा, महिनाभर वापरायचा, आवडला तर पैसे पाठवायचे, असा व्यवहार.

लोकांना तो फार आवडला. इतका, की कोणाचा महिना संपतच नव्हता.

कारण श्रीधररावांनी मागायची रीतही पंगतीतलीच ठेवली होती. महिना झाला की पडद्यावर यायचं, 'आपण वापरता याचा आनंद वाटतो. जमत असल्यास मूल्य पाठवावे.' खाली दोन बटणं, 'पाठवतो' आणि 'नको'. 'नको' दाबलं की तीच विनंती, आणखी नम्र शब्दांत. तिसऱ्यांदा 'नको' म्हटलं, की प्रोग्रॅम मुकाट्याने उघडायचा. पाहुण्याला तीनदा आग्रह करावा, पुढे त्याचा जीव खाऊ नये, असं त्यांच्या घरचं वळण.

"अहो, इथे वाढायचं नाहीये, घ्यायचंय," चारुशीलाबाई म्हणाल्या. त्या धरमपेठेतल्या शाळेत शिकवतात आणि घर त्यांच्याच पगारावर चालून राहिलं होतं. "कुलूप लावा. नाहीतर माझ्या भावाच्या दुकानात बिलं करायला बसा."

श्रीधररावांनी कुलूप लावलं. नव्या आवृत्तीत महिना संपला की पंगत बंद. पैसे आले की ते किल्लीचा आकडा देणार. त्या दिवसापासून त्यांची झोप गेली. आणि शेजारच्या मनोहररावांनी मुलीच्या, भूमिकाच्या लग्नाची पत्रिका आणून दिली, तेव्हा भूकही गेली.

"स्वयंपाक कोणाकडे दिला?" त्यांनी विचारलं.

"भैयाजीकडे. तुमच्याच प्रोग्रॅमवर हिशोब करते म्हणे तो. घरचंच झालं ना!"

भैयाजी म्हणजे त्यांचा सगळ्यात जुना वापरणारा, आणि सगळ्यात जुना न देणारा. नवी आवृत्ती घेऊ का, हे त्याने फोन करून विचारलं होतं, आणि 'घ्या, घ्या' असं श्रीधररावच म्हणाले होते. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. भैयाजीचं कुलूप बरोबर लग्नाच्या सकाळी पडत होतं.

त्यांना दिसायला लागलं, वरपक्ष ताटांवर बसलाय, ताटं रिकामी आहेत, आणि मनोहरराव मांडवभर एकाच माणसाला शोधताहेत. त्यांनी भैयाजीला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी.

"ते बाजारात गेले जी. काय सांगू त्याईले?"

"काही नाही. तब्येत बरी आहे ना सगळ्यांची?"

चारुशीलाबाईंनी कपाळाला हात लावला. "किल्ली फुकट दिलीत, तर मी लग्नाला येणार नाही."

"अगं, पोरीच्या लग्नात पैसे मागू?"

"पोरीला नाही मागायचे. भैयाजीला मागायचे."

लग्नाच्या सकाळी किल्लीची चिठ्ठी खिशात घालून श्रीधरराव कार्यालयाच्या मागच्या बाजूला भटारखान्यात गेले. मागोमाग चारुशीलाबाई. भैयाजीने घरचा अख्खा कंप्यूटर चादरीत गुंडाळून स्कूटरवरून आणला होता आणि तो कांद्याच्या पोत्यावर मांडला होता. पडद्यावर कुलूप.

"या साहेब!" भैयाजी ओरडला. "हे काहून बंद करून ठेवलं? दुपारच्या जेवणाचं काल काढून घेतलं होतं. रात्रीचं सारं आत अडकलं. वडाभाताच्या डाळी आत्ता भिजू घातल्या नाही, तर रात्री काय वाढू, वडे की दगडं? आधी अंदाजानं करत होतो जी, तुमच्या या डब्यानं ते बी विसरवलं."

श्रीधररावांचा हात आपोआप खिशाकडे गेला. मागून कोटाला हिसका बसला.

"भैयाजी, ते... मूल्य..."

"हाव ना, देतो की! मी कधी नाही म्हटलं?"

"तीन-तीनदा म्हटलं!" चारुशीलाबाई म्हणाल्या.

"वहिनी, तीनदा तर माणूस जिलेबीले बी नको म्हणते," भैयाजी म्हणाला. "मले वाटे, यायच्या मनातूनच नाही. खरंच पाहिजे असते, तर चौथ्यांदा नसतं विचारलं?" त्याने मोबाइल काढला. "बोला, किती?"

आता फक्त आकडा सांगायचा होता. श्रीधररावांच्या तोंडून निघालं, "अहो, असू द्या, काय घाई आहे!"

"बरं मग," म्हणून भैयाजीने मोबाइल खिशात ठेवला.

डाळींची पोती तशीच होती. आचारी थांबले होते. चारुशीलाबाईंनी कोट अजून सोडला नव्हता. श्रीधररावांनी खिशातली चिठ्ठी मुठीत धरली.

"नाही!" ते एकदम म्हणाले. "आत्ता द्या. आधी पैसे, मग किल्ली!"

आवाज इतका मोठा निघाला, की वांगी चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले. सगळ्यात जास्त दचकले ते स्वतःच.

"असं बोला ना जी," भैयाजीने शांतपणे पैसे पाठवले. श्रीधररावांनी आकडा घातला, चुकला, पुन्हा घातला. पंगत उघडली. "रुपराव, डाळी काढ गा!" भैयाजीने आचाऱ्याला हाक दिली.

श्रीधररावांनी उपड्या घातलेल्या मोठ्या पातेल्यावर बसून श्वास घेतला, तेवढ्यात भैयाजीने विचारलं, "आमच्या लाइनमधल्या बाकीच्यायचं बी बंद पडलं असेल का? मीच सांगितलं होतं त्याईले, त्याच दिवशी नवं घ्याले."

"त्यांच्याकडे आज काही कार्य नाही ना?"

"सीझन आहे जी. आज सगळ्यायकडेच लग्न आहे."

श्रीधररावांचा फोन वाजला. मग वाजतच राहिला. "हो, कुलूप मीच लावलं," ते सांगत होते. "हो, पैसे भरावे लागतील. आत्ताच." बाहेर 'सावधान' झालं, तेव्हाही ते फोनवरच होते. कोणीतरी आणून दिलेल्या अक्षता त्यांनी तिथूनच, चिरलेल्या वांग्यांवर टाकल्या.