वन्संनी आणलेले शिंगाडे

मैत्रिणींनो, आज मी सूड उगवला आणि दुपारपासून मला फार शांत वाटतंय.

ह्यांच्या सोनोग्राफीत लिव्हरवर डाग दिसले, तेव्हा माझ्या थोरल्या नणंदेने सगळ्या नात्यात सांगितलं, "गुजरातेत दारूबंदी असली तरी पिणाऱ्याला मिळतेच." ह्यांनी कधी थेंब घेतला नाही. तरी लाजेने इथल्या मराठी मंडळात जाणं सोडलं.

नव्या डॉक्टरांनी रक्ताची तपासणी पाहून विचारलं, "तळ्यातलं काही कच्चं खाता का?"

मला माझ्या कॉन्व्हेंट शाळेचं फाटक आठवलं. तिथे आम्ही शिंगाडे दातांनी सोलायचो आणि सिस्टर रागवायच्या. अजूनही घरात तसेच खातो.

शौचाच्या पहिल्या तपासणीत काही सापडलं नव्हतं. आज दुसऱ्या नमुन्यात अंडी दिसली. लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला चपटा किडा. शिंगाड्याच्या सालीला चिकटलेला असतो, दातांनी सोलताना पोटात जातो; औषधाने मरतो.

आम्ही खाल्लेले ते शिंगाडे कडोदरा गावाजवळच्या तळ्यावरून वन्संनीच आणले होते, आणि आमच्याबरोबर दातांनी सोलून खाल्लेही होते.

मी ह्यांच्यासमोर स्पीकरवर फोन लावला. "वन्सं, डॉक्टरांनी तुम्हालाही तपासणी सांगितलीय. उद्या सकाळी डबीत नमुना न्या."

"अगं, कसला नमुना?"

"शौचाचा. नाही सापडलं तर पुन्हा द्यावा लागेल. नात्यात सगळ्यांना मी कळवलंय, तुम्ही त्रास घेऊ नका."

वन्संनी फोन ठेवला. हे मात्र कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

माझीही डबी उद्या जाणार आहे, ते मी वन्संना सांगितलं नाही. रात्रीपर्यंत पश्चात्ताप होईल म्हणून वाट पाहतेय. तुम्हाला झाला असता का?